गाडी बघणारे अष्टमकर

आमची नवी गाडी कॉलनीच्या फाटकातून आत आली तेव्हा बायको पूजेचं ताट घेऊन उभी होती, शेजारी नारळ होता, आणि नारळाशेजारी अष्टमकर होते. त्यांच्या हातात जुनं वर्तमानपत्र होतं. मी इंजिन बंद केलं. बायकोने कुंकवाचं बोट पुढे केलं, तेवढ्यात अष्टमकरांनी वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, त्यावर उताणे झाले आणि पाठीने सरकत सरकत गाडीखाली दिसेनासे झाले. बाहेर राहिल्या त्या फक्त चपला, त्याही पायांसकट.

"थांबा वहिनी," खालून आवाज आला. "आधी बघू द्या, मग पूजा."

आम्ही थांबलो. कॉलनीतले लोक जमले. कोणाला वाटलं गाडीखाली माणूस सापडला. निरांजन वाऱ्याने विझलं, बायकोने ते पुन्हा लावलं, ते पुन्हा विझलं. बऱ्याच वेळाने अष्टमकर बाहेर आले, शर्ट झटकला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "म्हात्रे, सायलेन्सर फार खाली घेतलाय. अभिनंदन."

हसकेल अष्टमकर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून त्यांनी जन्म काढला होता. कारखान्याने मुदतीआधीच निवृत्ती दिली आणि पंप, बॉयलर, व्हॉल्व्ह एकदम हातातून सुटले. हात मात्र तसेच राहिले. कुठे काही ठोकण्यासारखं, पिळण्यासारखं दिसलं की ते आपोआप तिकडे जायचे. इमारतीच्या पाण्याच्या पंपाला त्यांनी इतक्यांदा बरं केलं की शेवटी सोसायटीने त्यांना लेखी विनंती केली, पंप चालू आहे, कृपया त्याला बरं करू नये.

ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. रोह्याजवळच्या अष्टमी गावावरून अष्टमकर. घरात बोलणं मराठी, भांडणं मराठी, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून म्हणायची ती प्रार्थना तेवढी हिब्रू. बायको रिबकाबाई शाळेत शिक्षिका होत्या. एकुलती मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली होती. "अर्धं पनवेल तिकडे जाऊन बसलंय," असं अष्टमकर म्हणत. ते अर्धं म्हणजे त्यांच्या माणसांतलं अर्धं, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

अष्टमकर गाडी बघत. घेत नसत, बघत. मी त्या इमारतीत राहायला आलो तेव्हा ते गाडी बघतच होते, आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याच्याही आधीपासून. आधी त्यांनी ती डबीसारखी छोटी गाडी बघितली. तिचा पत्रा त्यांनी बोटाने वाजवून बघितला आणि "हा बिस्किटांना ठीक आहे," असं म्हणून सोडून दिला. मग एक जुनी जाडजूड गाडी बघितली. तिच्याबद्दल तक्रार अशी की ती इतकी मजबूत आहे की आपण गेल्यावरही राहील, मग तिचं करायचं काय.

नव्वद साल उलटल्यावर बाजारात ती नवी गाडी आली. बुटकी, गोल पाठीची, मागे डिकीऐवजी वर उचलायचं दार. दिसायला लहान, पण पळायला कोणाला ऐकत नाही अशी तिची ख्याती. इंजिन ॲल्युमिनियमचं. मी नोकरी करायचो त्या बँकेत सगळ्यांच्या तोंडी तीच. मलाही कर्ज मिळण्यासारखं होतं. मी जिन्यात एवढंच म्हणालो, "अष्टमकर, रविवारी वाशीला शोरूममध्ये जाऊन येईन म्हणतो." ते म्हणाले, "येतो."

त्या रविवारच्या आठवणीने मला अजून थकवा येतो. सेल्समन चांगला मुलगा होता. टाय लावलेला, हसरा. त्याने सुरुवात केली, "सर, हिचा पिकअप बघा."

"ॲल्युमिनियम गरम झालं की लोखंडापेक्षा जास्त फुगतं," अष्टमकर म्हणाले. "बोरघाटात, मे महिन्यात, चार माणसं आणि आंब्याची पेटी. रेडिएटरमधलं पाणी कमी झालंय आणि याच्या लक्षात आलेलं नाही." याच्या म्हणजे माझ्या. "गॅस्केट उडेल की हेड वाकडं होईल? आधी काय होईल?"

"सर, कूलिंग सिस्टम एकदम मॉडर्न आहे." त्याने कॅटलॉग उघडून पान पुढे केलं.

अष्टमकरांनी ते पान शांतपणे वाचलं, मिटलं आणि त्याला परत दिलं. "हे झालं कॅटलॉगातलं. आता पनवेलचं बोला."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डॉक्टरांनाही ते असंच म्हणत. त्या मुलाला पनवेलचं काही बोलता येईना, तेव्हा अष्टमकरच बोलू लागले. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून उडणारी धूळ एअर फिल्टरला किती दिवस झेपेल? चौघं बसल्यावर गाडी किती खाली बसते, आणि आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे तो हिच्या पोटाला लागेल का? टायमिंगचा पट्टा तुटला तर नवा कुठे मिळेल? वाशीला? वाशीला नसला तर? दिल्लीहून येईपर्यंत गाडीच्या मालकाने काय करायचं, तिच्याजवळ बसून राहायचं? एवढी पळणारी गाडी, तर तिचे ब्रेकही तितकेच पळतात का? आणि शेवटी, "समजा तुमच्या कंपनीने पाच-सात वर्षांनी हे मॉडेल बंद केलं. मग हिला कोण विचारणार?"

मुलगा आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर चहा घेऊन आला. चहा घेताना अष्टमकरांनी त्याला शोरूमचा एसी का गळतो ते समजावून सांगितलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग? घेऊ की नको?"

"उत्तम गाडी आहे," ते म्हणाले. "डोळे मिटून घ्या."

"आणि तुम्ही?"

"मी अजून बघतोय."

मी गाडी घेतली आणि माझे रविवार गेले. सकाळी दूधवाल्यानंतर अष्टमकर. "चालू करा." मी चालू करायचो. ते बॉनेटवर कान ठेवून उभे राहायचे. "बंद करा. पुन्हा चालू करा." दिवसभर बँकेत लोक मला प्रश्न विचारत, आठवड्यातून एक दिवस अष्टमकर. टायरमधली हवा, बॅटरीचं पाणी, पाना कुठे ठेवलाय, स्टेपनीत हवा आहे का, असली तर कधी बघितली होती. पन्नासच्या वर काटा गेला की शेजारच्या सीटवरून घसा खाकरल्याचा आवाज यायचा. पळण्यासाठी प्रसिद्ध असलेली ती गाडी माझ्याकडे येऊन बैलगाडी झाली. बायको एकदा म्हणाली, "अहो, गाडी आपलीय की त्यांची?" मी म्हणालो, हप्ते आपले आहेत. बाकीचं मला माहीत नाही.

गावाहून बाबा आले, त्यांना मी हौसेने फिरवून आणलं. परत आल्यावर ते आत बसूनच राहिले. "बारीक हाय, पन गुनाची हाय," ते म्हणाले. "फकस्त आमी उठायचं कसं हिच्यातून, ते कंपनीला इचार." अष्टमकर खूश झाले. कंपनीला विचारणारा आणखी एक माणूस त्यांना भेटला होता. आम्ही दोघांनी मिळून बाबांना बाहेर काढलं आणि नंतर ते आणि बाबा तासभर ओट्यावर बसून बैलगाडीच्या आसाबद्दल बोलले.

अष्टमकरांचं सगळंच खरं ठरायचं असं नाही. एकदा आम्ही दोन्ही जोडपी खंडाळ्याला गेलो. परतताना घाटात मागून टकटक आवाज यायला लागला. अष्टमकरांनी गाडी थांबवायला लावली. शॉकअप गेलेत, हळू चला. आम्ही हळू चाललो. मग म्हणाले, नाही, हा आवाज आसाचा. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. ते वर्तमानपत्र पसरून खाली गेले. ऊन उतरलं, ट्रकवाले हात दाखवून पुढे गेले, माझ्या बायकोने दोनदा मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं. शेवटी रिबकाबाई उठल्या, मागचं दार वर उचललं आणि रिकाम्या स्टीलच्या डब्यातला चमचा काढून पर्समध्ये ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या. "आस दुरुस्त झाला."

अष्टमकर पनवेलपर्यंत वर्तमानपत्राची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिले. रिबकाबाई मात्र खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होत्या. एवढी वर्षं या माणसाबरोबर काढायची तर असं हसता यायलाच हवं, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलीला दिवस गेले आणि रिबकाबाई तिच्या बाळंतपणासाठी इस्रायलला गेल्या. थोड्या महिन्यांसाठी, असं ठरलं होतं. बाळ झालं, बारसं झालं, दात आले. रिबकाबाई आल्या नाहीत. मुलगी नोकरीला जायची, बाळाला कोण बघणार. मग तिथलीच कायमची राहण्याची कागदपत्रं झाली. माझ्या बायकोने अष्टमकरांना सरळ विचारलं, "तुम्ही का जात नाही हो? तुमचं सगळं तिकडेच तर आहे."

"जायचंय की," ते म्हणाले. "जरा इकडचं आटोपलं की."

इकडचं काय, ते कळेना. घरी ते सकाळी भात लावत आणि तोच रात्रीपर्यंत पुरवत. रविवारी माझ्याकडे यायचे, पण आता बॉनेटला कान लावून फार वेळ उभे राहायचे. इंजिन बंद केलं तरी तसेच. मीही मग घाई करायचं सोडलं.

पुढच्या वर्षीचा पावसाळा संपत आला होता. एका दुपारी बेल वाजली. दारात अष्टमकर, पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट, दाढी गुळगुळीत. इतका स्वच्छ माणूस मी त्या इमारतीत पाहिला नव्हता.

"म्हात्रे, गाडी हवी होती," ते म्हणाले. "तुमच्यासकट."

त्यांचा वर्षातला सगळ्यांत मोठा उपास त्या संध्याकाळी सुरू होणार होता. त्यांच्यातली जुनी माणसं त्याला दारफाळणीचा, म्हणजे दारं लावून घेण्याचा, सण म्हणतात. दिवस मावळला की उपास लागतो, आणि मावळण्याच्या आत सगळ्यांनी प्रार्थनेला पोचायचं. जुन्या पनवेलात त्यांचं सिनेगॉग आहे, मशीदच म्हणतात ते लोक त्याला. मंडळी कमी होत होत आता मोजकीच उरली होती.

"दहा पुरुष लागतात," अष्टमकरांनी जिना उतरता उतरता सांगितलं. "नऊ असले तर मुख्य प्रार्थना म्हणताच येत नाहीत. आम्ही बरोबर दहा आहोत. दहावे एलोजीकाका, रोडपालीला मुलीकडे असतात. मोरीत पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे. रिक्षात पाय मावत नाही. टॅक्सी सांगून ठेवली होती, ती आली नाही."

जाताना रस्ता मोकळा होता. एलोजीकाका पांढरे कपडे घालून खुर्चीत तयार बसले होते. उंच, हाडाचे, ऐंशीच्या पुढचे. त्यांची विधवा मुलगी आणि आम्ही दोघं अशा तिघांनी पुढची सीट शेवटपर्यंत मागे सरकवून त्यांना गाडीत घातलं. आधी पाय, मग बाकीचे काका. अष्टमकर मागे अंग चोरून बसले.

"हसकेल, ही कुणाची गाडी?" काकांनी विचारलं.

"यांची."

"तुझी कधी येणार?"

"बघतोय."

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या तोंडाशी एक ट्रेलर आडवा होऊन बंद पडला होता. त्याच्यामागे ट्रक, त्यांच्यामागे ट्रक. ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढत होते, म्हणजे घाई कोणालाच नव्हती. मी इंजिन बंद केलं.  आरशात बघितलं तर ते पश्चिमेकडे बघत होते. सूर्य गोदामांच्या पत्र्यांवर आला होता.

"म्हात्रे, ती गोदामांच्या मागून वाट आहे. तिकडून घाला."

"अहो, ती कच्ची आहे. दगड आहेत."

"घाला."

मी घातली. गाडी डबक्यांतून, खडीवरून, लोखंडाच्या कापलेल्या तुकड्यांमधून उड्या मारत निघाली. एका ठिकाणी पोटाला दगड लागला आणि खण्णकन आवाज झाला. मी सवयीने ब्रेक दाबला. आता हे उतरणार, वर्तमानपत्र मागणार, म्हणून मी मागे वळून बघितलं.

"थांबू नका," अष्टमकर म्हणाले. "असू दे."

आम्ही हायवेला लागलो. पुढे रस्ता मोकळा होता. मी नेहमीप्रमाणे पन्नासवर आलो.

"दाबा," मागून आवाज आला.

"किती?"

"जेवढी जाते तेवढी."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती गाडी पळाली. आधी थोडी बिचकली, मग तिला आपण कोण ते आठवलं. गीअर टाकला की ती पुढे झेपावत होती, आणि माझ्यासारखा हयातभर कॅशच्या खिडकीमागे बसलेला माणूस ट्रकांना मागे टाकत चालला होता. एलोजीकाकांनी एका हाताने दाराचा दांडा आणि दुसऱ्या हाताने टोपी धरली होती. "हसकेल," ते म्हणाले, "विमान आहे काय रे?" अष्टमकरांचा घसा खाकरल्याचा आवाज आला नाही.

जुन्या पनवेलात पोचलो तेव्हा नारळांच्या शेंड्यांवर ऊन उरलं होतं. सिनेगॉगच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. गाडी दिसताच दोघं खुर्ची घेऊन पुढे आले. काकांना उचलून आत नेलं. अष्टमकर त्यांच्यामागे गेले. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. दारातून फक्त वळून म्हणाले, "उद्या दिवस मावळल्यावर या. तोवर आम्ही इथेच." आणि आत जाता जाता कोणालातरी सांगितलं, "झाले दहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच वर्तमानपत्र पसरून गाडीखाली गेलो. काळं, गोल, लांबट असं बरंच काही होतं. चेपलेलं कुठलं आणि मुळातच तसं कुठलं, काही कळलं नाही. वर आलो तर बायको गॅलरीतून बघत होती. 

संध्याकाळी दोघांना आणायला गेलो. दिवसभराच्या उपासाने दोघंही वाळले होते. काकांना रोडपालीला सोडलं आणि अष्टमकर पुढे येऊन बसले.  कळंबोली मागे पडल्यावर बोलू लागले.

"दर शनिवारी दिवस मावळला की मी बूथवर जाऊन रिबकाला फोन करतो. ती विचारते, कधी येता? मी तिला काय सांगू? मी आलो तर इथे नऊ राहतात, हे सांगितलं तर म्हणेल, तिथली नऊ माणसं मोठी की मी? आणि तसं नाही हो ते. म्हणून मी सांगतो, गाडी बघतोय. एकदा गाडीचं नक्की झालं की येतो."

"गाडी घेतल्यावर इस्रायलला?" मला कळेना.

"तेच तर. त्याला अर्थ आहे काही? पण ती काही म्हणत नाही. ती गेली नव्हती, मुलीकडे कधी जायचं विचारायची, तेव्हाही मी हेच सांगायचो, तेव्हाही म्हणाली नाही. उलट विचारते, कुठली बघितली, कशी आहे. तुमची गाडी मी तिला नटबोल्टसकट सांगितलीय." त्यांनी खिडकीची काच खाली केली. "परवा म्हणाली, पांढरी घेऊ नका. धूळ दिसते."

मी गाडी चालवत राहिलो. पन्नासच्या खालीच होतो. घर आलं तेव्हा दोघांनाही उतरायची घाई नव्हती.

थंडीच्या सुरुवातीला एलोजीकाका झोपेतच गेले. दहा तर मोडलेच, आता अष्टमकर जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. काकांच्या महिन्याच्या दिवशी संध्याकाळी प्रार्थना ठरली होती. अलिबागहून एक नातेवाईक येणार होता, म्हणजे दहा झाले असते. मी अष्टमकरांना सोडायला गेलो. आम्ही सगळे दारात उभे राहिलो. एक एसटी आली, दुसरी आली. अलिबागच्या माणसाचा पत्ता नव्हता. आतली माणसं एकेक करून बाकांवर जाऊन बसली. अष्टमकर रस्त्याकडे बघत उभेच.

"मी चालेन का?" मी विचारलं. विचारायच्या आधी मी काही विचार केला नव्हता. "दहावा म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत.

"चालत नाही हो, म्हात्रे," ते म्हणाले. "नऊ जणांना जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणू." मग म्हणाले, "पण बाहेर गाडीत नका बसू. आत या. रुमाल आहे ना? डोक्यावर घ्या."

मी रुमाल डोक्यावर बांधून शेवटच्या बाकावर बसलो. हिब्रूतलं मला काही कळत नव्हतं. मध्ये मध्ये एलोजीकाकांचं नाव यायचं तेवढं कळायचं. नऊ म्हातारे आवाज तुटक, चालीला घट्ट धरून म्हणत होते. अष्टमकर पहिल्या रांगेत होते. एकदा त्यांनी पुस्तकावरून नजर काढली आणि मागे वळून बघितलं, मी आहे ना म्हणून.

मी होतो.